नव्व्याण्णव

जानेवारी. पारा सातावर.
मेडिकलच्या कॅज्युअल्टीत पहाटे तीनला
बाकं गार, चादरी गार, पेनसुद्धा उमटत नाही.

तांडापेठेतून ऑटोनं तिघं आली:
शेवंता हेडाऊ, नवरा गुणवंत,
नऊ वर्षांची चैताली.
डोकं ठणकतंय, मळमळ, पाय लटपट.
"काल लग्नातलं पनीर आणलं होतं जी," नवरा म्हणाला.
केटररकडे तंदूर सांभाळतो तो, लॉनवर.
मी लिहून टाकलं: अन्नातून विषबाधा.
पुढे प्रश्नचिन्ह.

बोटाला चिमटा लावला. नव्व्याण्णव.
पोरीला लावला. नव्व्याण्णव.
हिरवा, शांत आकडा,
वर्गात पहिल्या आलेल्या पोरासारखा.

मग मला तो चेहरा आठवला.
परवाही आली होती ही, याच बाकावर,
तासभर बसून म्हणाली, आता बरं वाटून रायलं,
आणि मी एक गोळी देऊन
तिला परत त्याच खोलीत पाठवलं होतं.

इथं बरं वाटतं, घरी नाही.
केसपेपरवर याला रकाना नसतो.

"शेगडी लावता का घरात?"
"मंग काय जी, थंडी केवढी हाये!
तंदूरचा उरलेला कोळसा आणते हे.
दाराच्या फटीत गोधडी कोंबतो, खिडकीले पुठ्ठा.
धूर नाही होत बिलकूल."

धूर नाही. वास नाही.
तो आगंतुक असाच येतो,
रक्ताच्या पंगतीत प्राणवायूच्या पाटावर बसतो
आणि उठत नाही.
बोटावरचं यंत्र फक्त पाट मोजतं.
पाट भरलेले. बसलंय कोण,
ही चौकशी त्याच्याकडे नाही.

मनगटातून रक्त काढलं, सिरिंज बर्फाच्या वाटीत.
निनावे सिस्टर स्वतः पळाल्या आयसीयूकडे,
तिथलं मशीन खरं बोलतं, चालू असलं तर.
तिघांना मास्क, सिलिंडर पूर्ण उघडे.
चैतालीला मास्क नको होता. मी धरून बसलो.

आणि मग ते,
जे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं:
"घरी अजून कोण आहे?"

"दीर हाये ना, लोमेश.
बुटीबोरीहून बाराला आला ड्युटी करून.
त्याले काही नाही झालं, सायेब,
तो तं मस्त निजला हाये.
निघताना हाका मारल्या, उठलाच नाही."

शेजाऱ्याचा नंबर. रिंग. रिंग.
दार सताड उघडा, मी ओरडलो, पायाला धरा, ओढा,
गल्लीत आणा, थंडीत, हो, थंडीतच,
शेगडीकडे बघू नका, आत थांबू नका.
एकशे आठला दुसऱ्या फोनवरून सिस्टरनं पत्ता दिला,
हातात कागद तसाच:
शेवंता, एकतीस टक्के.

चैताली मास्कमधून यंत्राशी खेळत होती.
"नव्व्याण्णव," तिनं मला वाचून दाखवलं.

माझ्या कानात कुत्री भुंकत होती,
एक कडी वाजली,
आणि कुणीतरी लोमेश, लोमेश म्हणत होतं.