काना

नंदुरबारला डिसेंबरात जमीन दिसत नाही,
मिरची दिसते.
तपासणी केंद्राच्या खिडकीतून पथारीच पथारी.
बाहेर बाया शिंकत शिंकत मिरच्या उलटवतात,
आत आम्ही बावीस जण
उत्तरपत्रिका.

द्वितीय वर्ष कला. चीनचा इतिहास.
प्रश्न चौथा, गुण दहा:
राजवारसाची निवड, टीप लिहा.

बहुतेकांनी गाइड उतरवलंय.
एकानं सम्राटाच्या जागी सरपंच लिहिलं, खोडलं,
पुन्हा सरपंचच लिहिलं.
एकानं तीन पानं भिंतीवरच घालवली.
अर्धा, अर्धा, एक.
गिरासे सर म्हणतात, "मॅडम, हात जरा सैल सोडा,
पाचची गाडी चुकेल."

मग ही.
नाव नाही, नुसता बारकोड.
तिरकं अक्षर, ओळीवरून खाली घसरणारं.
मी तिला मुलगीच धरलं.

'जेवण झालं की सम्राटापुढं तबक यायचं.
तबकात पाट्या, पाटीवर बाईचं नाव.
जी पालथी घातली तिची रात्र.
एक माणूस तारीख लिहून ठेवायचा,
नंतर दिवस मोजायला बरं.
पट्टराणीला नाही झालं तर दुसरीला.
दुसरीला झालं तरी आई पट्टराणीच.
राणीले कोनीच इचारं नही.'

इथं तिची पुस्तकी मराठी संपली,
घरची भाषा आली,
माझी येते तशी, ठेच लागली की.

तारखा माझ्याही लिहिल्या जातात.
जिजी कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्याशेजारी
बारीक फुली मारतात.
एक लेक आहे मला. सात वर्षांची,
पाढे पाठ आहेत तिला सतरापर्यंत.
"मग पथारी कोणाच्या नावावर चढवायची?"
जिजी रागानं विचारत नाहीत हे.
भाजीत मीठ पडलंय का, विचारावं तसं.

सुरतेला त्यांच्या ओळखीचे डॉक्टर आहेत.
भिंतीवर फलक:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
फलकासमोर दीड तास बसले होते मी.

ही मुलगी सहाव्या पानावर लिहिते,
सम्राट वारसाचं नाव चिठ्ठीवर लिहायचा,
चिठ्ठी पेटीत, पेटी फलकामागं.
तो मेल्यावरच उघडायची.

आमचे डॉक्टर तसे काहीच बोलले नाहीत.
निघताना जिजींना एवढंच म्हणाले,
"मावशी, पेढ्यांची घाई नको."
जिजी गाडीत उकाई येईपर्यंत गप्प होत्या.
मग म्हणाल्या, सोमवारी परत बोलावलंय.
सोमवारच्या रजेचा अर्ज माझ्या पर्समध्ये आहे,
घडी घातलेला, सही केलेला.

शेवटची ओळ तिनं घंटा झाल्यावर लिहिली असावी:
'शेवट सम्राटले आंडेर व्हयना.'

क्रियापद पुल्लिंगी.
म्हणजे आंडोरच लिहायचा होता, घाईत काना राहिला.
आंडोर, आंडेर.
मराठीत दोघांनाही लेक म्हणून वेळ निभावता येते,
आमच्या अहिराणीत नाही.
तिथं मधे एक उभी रेघ आहे
आणि तिच्यापायी माणसं सुरतेला जातात.

त्या राजवाड्यात म्हणे तांबडी शाई एकट्या सम्राटाची.
माझ्याकडचं पेन विद्यापीठाचं, गळकं.
चुकीखाली रेघ मारायची,
काना द्यायचा,
अर्धा गुण कापायचा. एवढंच काम.

पेन टेकवलं. टिंब उमटलं, पसरलं थोडं.
बाहेर कुणीतरी लागोपाठ चारदा शिंकलं
आणि सगळ्या बाया हसल्या.

काना दिला नाही.
क्रियापदाला मात्र वेलांटी दिली, दीर्घ:
व्हयनी.
दहापैकी आठ. अक्षरी, आठ.

गिरासे सरांनी गठ्ठा बांधत विचारलं,
"सोमवारी येताय ना? कोणीतरी रजेवर आहे म्हणत होते."
"येतेय," म्हटलं.
बोटाला लागलेली शाई
पदराला पुसायची राहिली.