अकरा इंच

शब्द अडला म्हणून मी शेजारचं दार वाजवलं.
भाषांतराच्या कागदावर तो सात वेळा होता,
दर वेळी अंगात निराळा कोट :
विक्रीचा, इस्पितळाच्या रांगेचा,
नऊ वर्षांच्या मुलांनी मिनिटाला किती शब्द वाचावेत त्याचा.
‘निकष’ लिहून मी खोडलं होतं,
निकषावर सोनं घासावं लागतं.
‘मापदंड’ही खोडलं, तो कुणीतरी हातात धरावा लागतो.
हा शब्द नुसताच उभा, भिंतीसारखा.

‘बेंचमार्क?’ कथबर्ट ब्लेंकिन्सॉप हसला,
त्र्याऐंशी वर्षांचा, आणि बूट चढवू लागला.
‘घरात बसून नाही कळायचा.’

डरहॅमकडचं हे गाव. कोळसा संपला, नावं राहिली.
टेकडीवरच्या चॅपलमध्ये आता गालिचे विकतात.
कोपऱ्याच्या दगडात, गुडघ्याच्या उंचीवर,
एक आडवी खाच,
खाली तीन रेघा, कोंबडीच्या पावलासारख्या,
टोक वर.
खिशातल्या किल्लीनं त्यानं शेवाळ खरवडलं.
‘इथं लोखंडी कोन अडकवायचा.
तेच बाकडं.
बसायला नाही. पट्टी टेकवायला.’

पट्टी धरणारा पोरगा होता तो तेव्हा, सर्वेक्षणात.
दूर दक्षिणेला न्यूलिनच्या धक्क्यावर
कुणी सहा वर्षं समुद्र मोजला होता, तासातासाला,
आणि कधीच स्थिर न राहणाऱ्या त्या पाण्याची सरासरी काढून
तिला शून्य म्हटलं होतं.
ते शून्य खांद्यावरून खांद्यावर
डोंगर चढत इथवर आलं,
या दगडात बसलं.

मग एकसष्ट साली चॅपलखालचा थर काढला.
आधी दार घासायला लागलं.
मग स्तोत्रांच्या आकड्यांची पाटी तिरकी लोंबू लागली,
पाद्री दर रविवारी सरळ करायचा.
कथबर्टनं मोजलं : अकरा इंच खाली.
पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा.
साहेब म्हणाला, ‘खूण हलत नसते, ब्लेंकिन्सॉप.
तिच्यावरून बाकीचं मोजतात.’

‘मग?’

‘मग काय. नोकरी नवी होती,
डोरीनला दिवस गेले होते.
जुना आकडा लिहिला. सही केली.’

त्याच आकड्यावरून नगरपालिकेनं
खालच्या आळीचं गटार टाकलं.
कागदावर उतार चोख होता.
ओढ्याला जरा पाणी चढलं की
इडा ऑटनच्या मोरीतून उलटं यायचं, काळं,
कोबीच्या वासाचं.
एकोणीस वर्षं ती पातेल्यानं उपसत होती,
आणि हा दारावरून गेला की
भांडं हातात तसंच धरून म्हणायची,
‘मॉर्निंग, कथबर्ट.’
तिला वाटायचं तिचीच मोरी वाईट.

त्यानं किल्ली पँटला पुसली.
‘अकरा इंच,’ म्हणाला,
जसं लोक एखाद्याचं नाव घेतात.
मग विचारलं, ‘तुमच्याकडे काय म्हणतात याला?’
मी म्हटलं, शोधतेय.

घरी येऊन सातही ठिकाणी
देवनागरीत ‘बेंचमार्क’ लिहून टाकलं.
वाचणाऱ्या मुलांपाशी पेन्सिल थोडी थांबली,
मिनिटाला नव्वद शब्द,
कुठल्या दगडावरून, कुणी, कधी,
पण समासात एवढी जागा नव्हती.

रात्री भांडी घासली. बेसिनमधलं पाणी
गटकन गेलं.
मी नळ बंद करून
उगाच ऐकत राहिले.