नफ्तालीचं हरिण

साखर पेठेत मी ग्राफ काढतो. चाळीस वर्षं झाली.
चौकोन भरायचे, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल,
मग पत्त्यांना भोकं, मग पत्ते दोरीत ओवून
जेकार्डवर चढवायचे.
मोर मी झोपेत काढीन. वाघ काढलेत,
ताजमहाल काढलाय, न बघता.

रिबकाबाई अष्टमकर आल्या त्या दिवशी लाईट नव्हती.
माग गप्प, अख्खी गल्ली बहिरी झाल्यासारखी.
रेल्वे लाईन्समधून चालत आल्या, पिशवीत एक पडदा.
जांभळा असावा कधीकाळी.
"तोराच्या कपाटाला लावायचो आम्ही.
कपाट अलिबागकडं गेलं. पडदा माझ्याकडंच राहिला."
मधोमध कसरीनं खाल्लेला,
आणि खाल्लेल्याच्या कडेला
चार पाय, एक शिंग.

बोकड का? मी विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
"हरिण. नफ्तालीचं."

मग लाईट येईपर्यंत सांगत बसल्या.
म्हातारा याकोब मरायला टेकला, बारा पोरं खाटेभोवती.
जमीन वाटावी तशी जनावरं वाटली त्यानं.
यहूदाला सिंह, तो सगळ्यांना ठाऊक.
बिन्यामीनला लांडगा, दानाला वाटेवरचा साप,
एकाला तर गाढव, चक्क.
आणि नफ्तालीला सोडून दिलेली हरिणी.
"सोडून दिलेली म्हणजे?"
"दावं काढलेली. बांधलेलं हरिण कसलं हरिण?"

पुढं बाप गेला. पुरायला नेला, तर चुलता आडवा आला:
ही गुहा माझी, कागद दाखवा.
कागद राहिलेला मिसरात.
तिरडी उन्हात, माणसं उन्हात,
आणि नफ्ताली पळाला. वाळूवरून, एकटा, कागद आणायला.
"म्हणजे सातबारा," मी म्हणालो.
"सातबाराच," त्या म्हणाल्या.
"हे मूळ ग्रंथात नाही. मागाहूनच्या गुरूंनी सांगितलं.
पण आमचे आजोबा रेल्वेत गार्ड होते,
त्यांना तेवढंच खरं वाटायचं."

हरिणीला शिंगं कशी, मी म्हणालो.
नान्नजच्या माळावर मी बघितलेत कळप,
शिंगं असतात ती काळवीटाला.
"सगळीकडं शिंगंच काढतात," त्या म्हणाल्या.
"काढणाऱ्याला राहवत नाही."

मान मात्र मागं वळलेली हवी.
हरिण पळताना मागं बघतं म्हणे.
म्हणून त्यांचे लोक देवाला सांगतात,
जायचंच असेल तर तसा जा.

मी माळावरचीच हरिणी काढली.
शिंगं काढली नाहीत. दोनदा राहवलं नव्हतं, खोडली.
पत्ते झाले सहाशे चाळीस.

पडदा त्यांनी टेबलावर पसरला आणि बराच वेळ बोलल्या नाहीत.
"उलटी पळतेय."
मला कळेना.
"आम्ही उजवीकडून लिहितो. जुनं हरिण डावीकडं पळायचं,
ओळीबरोबर. ही ओळीच्या विरुद्ध चाललीय."

सोपं आहे, म्हणालो, पत्ते पालथे घातले की झालं,
दुसरा विणून देतो, पैसे नकोत.
त्यांनी बोट फिरवलं. पाठीवरून, मानेवरून,
जिथं मी एक चौकोन जास्त भरला होता त्या डोळ्यावर थांबलं.
"हिचं तोंड तर ओळीकडंच आहे," म्हणाल्या.
घडी घातली. पैसे मोजले.
जिन्यावरून परत आल्या.
"पावती द्या. कागद असलेला बरा."

पत्ते अजून खुंटीला आहेत.
उन्हात धरले तर हरिणी दिसत नाही,
नुसती भोकं, भोकांतून उजेड,
आणि समोरच्या भिंतीवर ठिपके, कशाचेच नाहीत असे.
हैदराबादचा व्यापारी म्हणाला, हे चादरीवर टाका, खपेल.
बघू, म्हणालो.
तीन महिने झाले.
अजून बघतोय.