पंखाची पाठ

पोल्डरची जमीन समुद्रापेक्षा चार मीटर खाली.
पंप थांबले तर पाणी परत येईल,
घाईने नव्हे, आपल्याच घरी आल्यासारखं.
माझा भाऊ दाउवे त्या पंपांवर रात्रपाळी करतो,
मी दोन गावं पलीकडे, वातबोगद्यात.
वीज रात्री स्वस्त, म्हणून आम्ही दोघंही घुबडं.

दुपारभर मी पंखाच्या पाठीवर लोकरीचे तुकडे चिकटवले,
दोनशे सोळा, करंगळीएवढे.
सीत्स्के म्हणाली, पांढरी नको, केशरी घे,
पांढरी कॅमेऱ्याला दिसत नाही.

वारा सोडला. कोन वाढवत नेला.
चौदा अंशांपर्यंत सगळे धागे शहाण्यासारखे आडवे,
पंधराला शेवटच्या रांगेत चुळबुळ,
सोळाला मधले काही एकमेकांकडे वळून बघू लागले,
आणि अठराला
हवेने पंखाची पाठ सोडली.

रागाने नाही सोडली.
अंगाला लागून वाहणारा पातळ थर असतो,
तो घासत घासत दमतो,
पुढे दाबाचा चढ,
एका जागी त्याचे पाय थांबतात, मग मागे वळतात,
आणि वरची सगळी हवा त्याच्या डोक्यावरून निघून जाते.
पडद्यावर उचल कोसळली, ओढ वाढली.
आमच्या तक्त्यात ओढ हा एक आकडा आहे,
न्यूटनमध्ये.

दाउवे आठ वर्षांचा होता. वर्गात उभा.
नद्या पाठ होत्या त्याला, घरी मला म्हणून दाखवल्या होत्या:
ऱ्हाइन, वाल, मास,
आणि स्खेल्डेच्या स्ख वर
सगळं सुटलं.
मास्तर म्हणाले, मोठ्याने.
आई म्हणायची, सावकाश.
दोघांनी जेवढा जोर लावला तेवढं त्याचं तोंड उघडं राहिलं
आणि शब्द डोक्यावरून गेले.

त्या हिवाळ्यात कालवा गोठला.
मी मागे, तो पुढे, स्केट्सचा आवाज, डावा, उजवा,
आणि अचानक वाऱ्यातून ऐकू आलं
ऱ्हाइन, वाल, मास, स्खेल्डे,
प्रत्येक पावलाला एक नदी.
तेव्हापासून बोलताना तो बोटाने मांडीवर ठोकतो.
कुणाला दिसत नाही. मला दिसतं.

पंखाच्या नाकाशी आम्ही एक फट ठेवलीय, अर्धा मिलिमीटर.
आत पितळेच्या चकत्या थरथरतात,
फट श्वास घेते, सोडते,
घेते तेवढंच देते, बाहेरून एक कणही आणत नाही.
सेकंदाला चारशे वेळा करून पाहिलं: धाग्यांना पत्ताच नाही.
वीस वेळा: नुसतं घोंघावणं, आणि सीत्स्केचं डोकं दुखलं.
वीज वाढवली, मास्तरांसारखी. काही नाही.
तीन वाजून चाळीस मिनिटांनी, पंचाहत्तरवर,
पहिली रांग आडवी झाली.
मग दुसरी.
मग, कॉफीचा कप खाली ठेवेपर्यंत, शेपटीपर्यंत सगळी.
अठरा अंश तसेच. वारा तोच.
खर्च, फ्रिजमधल्या दिव्याएवढा.

मी दाउवेला फोन लावला.
त्याच्याकडे पाऊस होता, तिसरा पंपही चालू केला होता.
चिकटली, मी म्हणाले.
फोनमधून टक टक ऐकू आलं, बहुधा टेबलावर.
"आणि ब-बंद केलंस तर?"
सुटते.
"लगेच?"
नाही. थोडी थांबते. मग सुटते.
तो काही बोलला नाही.
त्याच्यामागे पाणी वर चढत होतं, पंपापंपाने,
आणि माझ्यामागे सीत्स्के विचारत होती,
एकोणीसवर नेऊ का?

ने, मी म्हणाले.