काच

सुफियान परकार प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो.
समजलं? हो. नक्की? हो, सर.
वीस वर्षांत हो-हो मधला फरक मला कळायला लागलाय :
भुकेचा हो, घरी पळायच्या घाईचा हो,
आणि हा,
आतून कडी लावून घेणारा.

गुदैबियात लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर माझी शिकवणी.
जेवायच्या टेबलावर प्लास्टिक, प्लास्टिकवर वह्या,
इस्त्रीची वाफ जिन्यातून वर येते.
तो नववीत दुसऱ्यांदा.
वडील गोदीत वेल्डर. एक तारखेला फीचं पाकीट देतात,
दिनार दोनदा मोजलेले,
आणि विचारतात, "डोकं आहे ना याला?"
पोरासमोरच.

आज कंडेन्सेशन.
व्याख्या मी दोन भाषांत सांगितली.
त्याने जशीच्या तशी परत केली,
न फोडलेल्या पार्सलासारखी.

बर्फाच्या पाण्याचा ग्लास ठेवला पुढ्यात.
बाहेरून थेंब धरले.
हे पाणी कुठलं?
तो बघत राहिला. बराच वेळ. मग खालच्या आवाजात,
"पाझरलं, सर. आतून."
केतकी फिस्सकन हसली.
मला मात्र बरं वाटलं.
चुकीचं होतं, पण त्याचं होतं.

ग्लासात मी निळी शाई ओतली.
बाहेरचे थेंब टिश्यूने पुसले, टिश्यू पांढराच.
मग, सुफियान?
"हो," तो म्हणाला.
कडी.

नऊ वाजता मी पाव आणायला त्यांच्याबरोबर खाली उतरलो.
सप्टेंबर. दार उघडलं की हवा अंगावर
ओल्या टॉवेलसारखी पडते.
त्याचा चष्मा धुरकटला, रोजच्यासारखा.
रोजच्यासारखंच त्याने शर्टाचं टोक उचललं
आणि हात तिथेच राहिला.

"थांबा," तो म्हणाला.
मला नसावं म्हणाला.

चष्मा काढून त्याने काचेवर बोट फिरवलं.
कोल्ड स्टोअरकडे गेला. त्याची काच
बाहेरून निथळत होती, तिच्यावर तळवा ठेवला.
"हवेत होतं. आधीपासून होतं.
काच गार, म्हणून इथे बसलं."
श्वास घ्यायला थांबला.
"मग ग्लास रिकामा असता, सर,
नुसता गार असता,
तरी भिजला असता?"

हे मी शिकवलं नव्हतं.
पुस्तकातही या शब्दांत नाही.
हो, मी म्हणालो,
आणि माझा आवाज जरा चिरकला.

चष्मा न पुसताच घालून तो पिकअपकडे गेला.
एकदा फुटपाथच्या कडेला ठेचकाळला.
मी पाव विसरून उभा.
समोरची काच पांढरी झाली होती, वायपर चालू.
आत तो काहीतरी सांगत होता, दोन्ही हातांनी.
वायपर थांबले.
खिडकी खाली आली,
वडिलांचा हात बाहेर आला,
डागांचा, जाड बोटांचा,
आणि वळून समोरच्या काचेला
बाहेरून
लावून बघितला त्यांनी.