नाते : निवडा

रुवीच्या मागच्या गल्लीत आमचे मनी एक्सचेंज.
मी काउंटर चार.
दर दोन तारखेला तायडे येतात,
रात्रपाळी उतरवून, वॉचमनच्या गणवेशातच,
आणि काचेखालून नोटा सरकवतात
तळहाताने इस्त्री केलेल्या.

सही जुळत नाही.
कार्डावरची जुनी सही ठाम,
‘त’ची काठी अकोल्याच्या उन्हात उभी असावी तशी.
फॉर्मवरची
दोरा तुटून घरंगळलेले मणी.
संगणक म्हणतो, ही व्यक्ती वेगळी आहे.
संगणक खोटे बोलत नाही.

रांग नव्हती तेव्हा एकदाच सांगितले त्यांनी :
सत्तावन्न किलो, राष्ट्रीय, दोनदा.
डोक्यावर किती बसले, मी विचारले.
“पंच खायचे आपण,
मोजायचे पंचांनी.”

गेल्या गणपतीत मंडळाला हे कळले
आणि मंडळाने सत्कार ठेवला.
अडतीस अंशांत लोकरीची शाल, नारळ,
सूत्रसंचालिकेने आडनाव चुकवले.
मग पुलाव खाताना प्रश्न निघाला, बघायचे कुणी?
सरकारने, एकजण म्हणाला.
फेडरेशनने, त्यांचा नुसता चहाच लाखाचा असतो.
पेठकर म्हणाले, ज्यांनी तिकिटे काढून
टाळ्या वाजवल्या त्यांनी.
“तिकीट नव्हतं,” तायडे म्हणाले, “मैदान फुकट होतं.”
विमा का नाही काढला वेळेवर,
असेही कुणी म्हणाले, दाढेत काडी घालत.
मी काही म्हणालो नाही. मी जिलबी वाढत होतो.

शेवटी श्रीखंडाचा रिकामा डबा फिरला.
एकतीस रियाल, सातशे बैसा.
शालीचा उपयोग झाला म्हणे,
लॉबीतला एसी पहाटे फार लागतो.

आज दोन तारीख.
पहिली पावती : सुशीला तायडे, नाते पत्नी, नेहमीचे.
दुसरी : लालरेमरुआता, आयझॉल.
दर महिन्याला पंधरा असतात त्याला.
आज सेहेचाळीस रियाल, सातशे बैसा.

नवीन प्रणाली आली आहे, रकाना सोडता येत नाही.
नाते : निवडा.
पत्नी. आई. वडील. भाऊ. मुलगा. स्वतः.
कोण हे तुमचे?

“फायनलला समोर होता.
दुसऱ्या राउंडला माझा हूक, उजव्या डोळ्यावर.
पंचांनी थांबवायला पाहिजे होतं.
मी थांबायला पाहिजे होतं.
दोघंही घंटेची वाट बघत राहिलो.”

पण त्यांच्याकडे तर सरकारने—
मी वाक्य सुरू केले.

“सरकारनं नव्हतं मारलं.”

मागे रांग वाढलेली. सिल्हेटचा एक गवंडी खोकला.
मी यादीत खाली गेलो, वर आलो,
‘स्वतः’वर बोट जरा रेंगाळले.
मग भाऊ निवडले.
संगणक खोटे बोलत नाही,
मी बोललो.

सही पुन्हा नाकारली. शाईचे पॅड काढले.
“झालो शेवटी अंगठेबहाद्दर,” ते हसले,
आणि अंगठ्याकडे असे पाहिले
जसे घरातल्या शांत मुलाकडे बघतात.
“बारा वर्षं ग्लोव्हच्या आत होता हा.
यानं कुणाला लावलेलं नाही.”
कागदावर टेकवला.
एका अंगठ्याचे दोन ठसे उठले.

फी, दोन पावत्यांची मिळून, तीन रियाल.
माफ करायचा अधिकार मॅनेजरला.
माझ्या खिशात होते तीन रियाल.
त्यांनीच दिले, सुटे,
पन्नास-पन्नास बैसांची नाणी
कापऱ्या बोटांनी ढीग लावत, मोडत, पुन्हा लावत,
ओठांत आकडे म्हणत.

आणि मी, नियमाप्रमाणे,
ती पुन्हा मोजली.