शुक्रवारचा कागद

दर शुक्रवारी शाळेचा एक कागद काढते मी.
एकोणीस दप्तरांत एकोणीस प्रती,
विसावी पोस्टाच्या काचेवर,
कारण पोस्टातली नेरिस म्हणते,
रांगेतल्या माणसाला वाचायला काहीतरी हवं.
रांग म्हणजे दोन म्हातारे आणि एक कुत्रा.

एका बाजूला वेल्श, पाठीमागे इंग्रजी.
शाई संपत आली की पाठ कोरी सोडते.
अजून कुणी तक्रार केलेली नाही.
झोफ्याची आई पोलंडची, ती दोन्ही बाजू
बोट ठेवून वाचते, आणि फाटकात मला गाठून
तिसऱ्याच भाषेत हसते.

सोमवारी उवांची तपासणी. लाजू नये.
मागच्या वेळी सुरुवात माझ्याच डोक्यापासून झाली होती.
मंगळवारी पोहणं. बस आठला सुटेल, थांबणार नाही,
असं मी लिहिते.
आणि गेथिन वरच्या वळणावर बस उभी करून
हॉर्न वाजवत बसतो, तेगिदचा दुसरा बूट
मेंढ्यांच्या गोठ्यात सापडेपर्यंत.
गुरुवारी सगळ्यांसाठी सूप. सोलणी घरून आणावी,
शाळेची एकच आहे, तीही डावखुऱ्यांची.

जूनच्या शेवटच्या शनिवारी खेळ.
लिंबू-चमचा होईल. तीन पायांची शर्यत होईल.
पोत्यांची सांगता येत नाही,
पोती कोठीत उंदरांनी खाल्ली.
शिवणकाम येणाऱ्या आयांनी कळवावं.

जे लिहीत नाही ते खणात असतं:
कौन्सिलचं लांबट पाकीट,
मुख्याध्यापिका हेलेदने दोनदा उघडून
दोनदा पुन्हा चिकटवलेलं.
पटसंख्या, असा एक शब्द त्यात चार वेळा येतो.

बुधवारी शाळा सुटल्यावर ट्रॅक्टर आला.
डोंगरमाथ्यावरचा ब्लेदिन.
त्याचं आता कुणीच शाळेत नाही,
मुलगा होता, तीस वर्षांपूर्वी,
हल्ली तो पर्थहून नाताळला फोन करतो.
ब्लेदिन दारात पाय पुसत राहिला,
पुसून झाल्यावरही.
म्हणाला, आई नाही मी कुणाची,
पण कागदावर शिवणकाम लिहिलंय.

मग खिशातून दाभण काढलं,
वाकडं, चकचकीत, वीतभर.
चाळीस वर्षं लोकरीची पोती शिवली या हातांनी.
माळ्यावरचं जुनं गोणपाट त्याने आणलं होतं,
त्याला अजून मेंढ्यांचा वास.
तो पहिलीच्या बुटक्या बाकावर बसला,
गुडघे कानाशी,
आणि सुतळी दातांत धरून विचारलं,
किती?

एकोणीस, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी चौदा, हे नाही म्हटलं.
त्याला ठाऊक असणार,
डोंगरावरून सगळ्या घरांचे दिवे दिसतात,
कुठले विझले तेही.

साडेपाचला नेस्त आणि तेगिद परत आले,
काहीतरी विसरलं म्हणून. विसरलं काहीच नव्हतं.
तेगिदला त्याने गाठ शिकवली,
ओढली की घट्ट होणारी,
आणि नेस्तने पहिलं पोतं गळ्यापर्यंत घालून
फळ्यापासून दारापर्यंत तीन उड्या मारल्या,
चौथीला पडली, टाके टिकले.
ब्लेदिनने तिच्याकडे पाहिलं नाही, टाक्यांकडे पाहिलं.
बरं, म्हणाला.

अंधार पडता पडता मी मोजली.
वीस.
एक जास्त झालंय, मी म्हटलं.
तो दाभण कापडात गुंडाळत होता.
असू दे, म्हणाला,
कुणीतरी येतंच.
मग ट्रॅक्टर सुरू व्हायला बराच वेळ लागला,
आणि आम्ही दोघी, हेलेद आणि मी,
खिडकीशी उगाच उभ्या.

या शुक्रवारी:
पोत्यांची शर्यत होणार.
मागच्या कागदात 'आयांनी' असं छापलं गेलं,
ती चूक माझी.
सोलण्या अजून आठ कमी पडतात.
विसावं पोतं कोठीत उंच खुंटीला टांगलं आहे,
कुणी काढू नये.
उवांची तपासणी पुढच्या सोमवारी.